तवंदी घाटातली वासरं

(दृश्य : तवंदी घाट, पहाट. उसाच्या ट्रॉल्यांची रांग. मागे ताडपत्री टाकलेला ‘छोटा हत्ती’ टेम्पो.)

निवेदन :
या गाडीत तीन वासरं आहेत. निपाणीजवळच्या गोठ्यातून संकेश्वरकडच्या गोठ्यात निघालीत. रस्ता फार लांबचा नाही, पण गळीत हंगाम सुरू आहे. घाटात एक ट्रॉली कलंडली की सगळंच अडकतं.

(दृश्य : हौद्याचा पत्रा, वासराचे खूर, जवळून.)

कडेच्या पाडीकडे बघा. ब्रेक लागला की ओल्या पत्र्यावरून तिचे पुढचे खूर घसरतात, ती गुडघ्यावर येते, परत उठते. मोठी गाय पाय फाकवून तोल सांभाळते. वासराला मात्र बसायचं असतं. कोरडी जागा मिळाली, तर ते मुकाट बसून राहतं. आपल्या भागात उसाच्या वाळल्या पाल्याला, पाचटाला काय तोटा? फडात काडी लावून जाळतो आपण. त्यातलंच वीतभर इथं अंथरलं, तर पाडी बसेल.

जनावरांच्या वाहतुकीचे केंद्रीय नियम १९७८ चे. तळाला न घसरणारं काहीतरी हवं, सोबत माणूस हवा, पशुवैद्यकाचा दाखला हवा, दुसरा माल नको. आणि इथं वासरांना टेकूनच पेंडीची पोती! आणि हद्दीवरचा कोगनोळीचा नाका ओलांडून पलीकडे महाराष्ट्रात जायचं, तर दोन राज्यांचे कायदे आले. कागद अपुरे असले की गाडी अडते आणि ऊन वासरं खातात.

(दृश्य : गोठा. नुकतीच व्यालेली गाय.)

खरं तर निम्मं काम गाडी दारात यायच्या आधीचं. वासरू रोगाशी लढायची ताकद घेऊन जन्मत नाही. ती चिकातून, म्हणजे व्यालेल्या गायीच्या पहिल्या दुधातून मिळते. आतड्याला ती शोषून घेता येते ती जेमतेम पहिले चोवीस तास, आणि तीही तासागणिक कमी होत जाते. म्हणून पहिला चीक दोन तासांच्या आत. तीस किलोच्या वासराला पहिल्या दिवसात तीन लिटर तरी. गल्लीत खरवस वाटा की, कोण नको म्हणतंय? पण आधी वासराचं पोट.

नाळ ओली असेल तर वासरू हलवूच नये. युरोपीय महासंघात असं वासरू प्रवासाला अपात्रच ठरतं, आणि दहा दिवसांच्या आतलं शंभर किलोमीटरपलीकडे नेता येत नाही. आपल्याकडे व्यापारी म्हणतो, “चार दिवसांचं झालंय, न्या की.”

(दृश्य : गाडी थांबते. फळका उघडतो.)

“मामा, दमानं घ्या की हो, शेपूट नका पिरगाळू.”

एक हात छातीखाली, एक मागून, आणि अलगद खाली. आधी कोमट पाणी, मग दूध. निदान दोन आठवडे बाकीच्या जनावरांपासून वेगळं बांधायचं, कारण प्रवासाचा ताण लगेच दिसत नाही. हगवण किंवा न्यूमोनिया काही दिवसांनी डोकं वर काढतो. शेण पातळ झालं, धाप लागली, की डॉक्टरांना बोलवायचं.

आणि जुन्या मालकाला फोन लावून विचारायचं : दूध किती, कितीदा, बाटलीनं की बादलीनं? सुरुवातीचे काही दिवस माप तेच, वेळही तीच.