पिशवीचं ऑपरेशन

(दृश्य: इतवारीतलं जुनं घर. ओसरीवर माठ, त्यावर उपडा पेला.)

मे महिना. नागपूरचा पारा ४५ ला टेकलेला, आणि या घरातल्या काकू दिवसभर घोट-घोट पाण्यावर काढतात. पाणी प्यायलं की लघवी, आणि लघवीला गेलं की आग.

आधीचा त्रास वेगळा होता. शिंकलं, भरली बादली उचलली, की लघवी निसटायची. २०१६ मध्ये ऑपरेशन झालं आणि ती थांबली. खरंच थांबली, बहुतेक बायकांना या ऑपरेशनाने आराम पडतो, हेही सांगायलाच हवं.

१९९० च्या दशकात स्वीडनचे उल्फ उल्मस्टेन आणि ऑस्ट्रेलियाचे पीटर पेट्रोस यांनी ही पद्धत आणली. पॉलिप्रॉपिलीनच्या धाग्याची, सेंटिमीटरभर रुंद, जाळीदार पट्टी मूत्रमार्गाखाली झोळीसारखी बसवायची. जाळीच्या छिद्रांतून मांस भरून येतं आणि पट्टी जागेवर धरली जाते. म्हणूनच पुढे ती काढणं इतकं अवघड.

काहींच्या बाबतीत, कधी कधी कित्येक वर्षांनी, पट्टीची कड योनीच्या आतल्या आवरणातून वर येते. रक्ताचे डाग, स्राव, संबंधाच्या वेळी दुखणं; कधी नवऱ्यालाच टोचतं. (हे डॉक्टरांना सांगायला किती बायकांची जीभ रेटते?) काहींची जांघ दुखत राहते. क्वचित पट्टी मूत्रमार्गात किंवा मूत्राशयात शिरते, तिच्यावर क्षार साचतात, खडा होतो.

काकूंनी तीन वर्षं जंतुसंसर्गाच्या गोळ्या खाल्ल्या. आधी कसलं ऑपरेशन, असं प्रत्येक ठिकाणी विचारलं गेलं.

"मी तर सांगत होती ना बाप्पा, पिशवीचं झालं म्हणून!"

त्यांच्या मनात लघवीची पिशवी. लिहिणाऱ्याच्या मनात गर्भपिशवी. केसपेपरवर दरवेळी गर्भाशय काढल्याची नोंद, पट्टीची नाहीच. शेवटी दुर्बिणीतून तपासलं, तेव्हा मूत्राशयाच्या भिंतीतून डोकावणारा निळसर धागा दिसला, आणि त्याला चिकटलेला खडा.

इंग्लंडने २०१८ मध्ये या पट्ट्या बसवणं थांबवलं. अमेरिकेने २०१९ मध्ये विक्री बंद केली ती अंग बाहेर येण्यावर योनीमार्गे बसवायच्या जाळीची. लघवीच्या पट्टीची नाही. बातम्यांत दोन्हींची सर्रास गल्लत होते.

शिरलेला भाग काढला, तर लघवी पुन्हा सुटू शकते. काकूंना तसं सांगितलं आहे.

(दृश्य: दिवाणाचं फळकूट उचललेलं. लग्नाच्या अल्बमखालून जुनी फाइल निघते.)

सूनबाई पेन आणते. मुखपृष्ठावरचं 'पिशवीचं' खोडून काकू सावकाश लिहितात: लघवीची पट्टी, २०१६.