मीठ धुणाऱ्या घरातली लेक

श्रोतेहो, नमस्कार. आजचा विषय आहे ख्रिस्ती जीवनातला झगडा. बायबलमधला याकोब रात्रभर देवाशी झुंजला, आशीर्वाद घेऊन निघाला, पण लंगडत. ती गोष्ट तुम्हाला पाठच आहे, म्हणून मी थेट ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकांकडे येतो.

लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या, जन्म १८६८चा. वडिलांचं सोवळं विलक्षण. बाजारातून आलेलं धान्य तर धुवायचंच, पण मीठसुद्धा धुवायचं, साखरसुद्धा धुवायची! धुतल्यावर मीठ किती उरतं, हे घरात स्वयंपाक करणाऱ्यांना मी काय सांगू? तर अशा, मीठ धुणाऱ्या घरातली ही लेक. तिचं लग्न झालं कवी नारायण वामन टिळकांशी, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, म्हणजे ते ख्रिस्ती झाले. बाईंवर आभाळच कोसळलं. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. पुढे त्या नवऱ्याकडे परतल्या, पण सोवळं सांभाळूनच. संसार एक, आणि शिवाशिव मधे उभी! टिळक तापट खरे, पण इथं त्यांनी जबरदस्ती केली नाही.

मग एकदा बाई एकट्याच विचार करत बसल्या. जात देवानं केली की माणसानं? देवानं केली असती, तर पशुपक्ष्यांत असतो तसा फरक माणसांच्या अंगावरच दिसला असता. तो तर दिसत नाही. झालं! यापुढे कुणाच्याही हातचं खायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं. लक्षात घ्या, जात आधी सुटली, बाप्तिस्मा नंतर, १९०० साली. पुन्हा सांगतो, जात आधी, बाप्तिस्मा नंतर.

म्हणून साक्षीच्या वेळी, म्हणजे आपण ख्रिस्ताकडे कसे वळलो हे सांगताना, कुणी ‘मी एका क्षणात बदललो’ म्हणालं की मी जरा सावरून बसतो. प्रेषित पौलालाही दिमिष्काच्या, म्हणजे दमास्कसच्या, वाटेवर ख्रिस्तानं हाक मारली तेव्हाच्या प्रकाशानंतर तीन दिवस दिसत नव्हतं.

टिळक १९१९ साली वारले. त्यांचं ‘ख्रिस्तायन’, म्हणजे ख्रिस्ताच्या जीवनावरचं काव्य, अर्धवट राहिलं होतं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे लिहायला घेतलं.