'मी कुठे काय बोलले?' : एकाचा मूड जातो आणि अख्खं घर हुप्प होतं

नमस्कार मंडळी. मागून जी धडधड ऐकू येतेय तिच्याकडे जरा दुर्लक्ष करा, वरच्या मजल्यावर फरशा फोडतायत. तीनदा रेकॉर्डिंग थांबवलं. आता काहीही होवो, बोलून टाकते.

विषय तुमचाच आहे. गेले दोन महिने कमेंटमध्ये एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय : "ताई, घरात एकाचा मूड गेला की सगळ्यांचा का जातो?" आणि सध्या ती रीलची लाट आहेच, 'निगेटिव्ह माणसांपासून लांब राहा, आपली एनर्जी जपा.' त्या रीलवर मला जरा चिडायचंय, पण नंतर.

आधी पुस्तकातलं उरकते. समोरच्यानं जांभई दिली की आपल्यालाही येते. तसंच चेहरा, आवाजाची पट्टी, बसण्याची ढब आपण एकमेकांची नकळत उचलतो आणि मग मनही त्याच वाटेनं जातं. इलेन हॅटफील्ड, जॉन कॅसिओप्पो आणि रिचर्ड रॅपसन या तिघा संशोधकांनी 1990च्या दशकाच्या सुरुवातीला याची नीट मांडणी केली. भावनांचा संसर्ग. आपल्याकडे ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला तेव्हाच हे कळलं होतं. साहेबांच्या केबिनमध्ये जायच्या आधी तुम्ही शिपायाला हळूच "आज हवा कशी आहे?" विचारत असाल, तर तुम्हाला बेसिक सगळं येतं. पुढे जाऊ.

माझं खरं दुखणं वेगळंच आहे. चिडून बोलणाऱ्यांबद्दल सगळेच बोलतात. वड्याचं तेल वांग्यावर, वगैरे. मला बोलायचंय ते न बोलणाऱ्यांबद्दल. "मी कुठे काय बोलले? मी तर गप्पच होते!" हे वाक्य ज्यांच्या घरात आहे त्यांनी हात वर करा. माझे दोन्ही.

मार्चअखेर होती. मी तेव्हा एका ठिकाणी हिशेबाचं काम बघायचे, आणि त्या दिवशी दुसऱ्याच्या चुकीवरून मला सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं होतं. घरी आले. पर्स ठेवली, चहा टाकला, कुणावर आवाज चढवला नाही. माझ्या मते मी फारच समजूतदारपणे वागत होते. दहा मिनिटांनी स्वयंपाकघरात गेले, तर मुलगी सिंकपाशी उभी राहून डब्यातली उरलेली पोळीभाजी खात होती. दुपारची. गार. सात वर्षांची होती. मी म्हटलं, "अगं, हे काय?" तर म्हणाली, "संपवते, संपवते. तू चिडू नकोस."

मी तो डबा उघडूनही बघितला नव्हता, हो.

माझा चेहरा बघून तिनं स्वतःचा गुन्हा शोधून काढला होता. पोरं हेच करतात. त्यांना आपला मूड दिसतो, कारण दिसत नाही. मग ती कारण स्वतःकडे शोधतात, आणि कुणालाही शोधलं की काहीतरी सापडतंच.

इथेच ती रीत येते जी मी याआधी दोन व्हिडिओंत सांगितली, आणि तरी लोक अर्धीच करतात. वाक्यं दोन आहेत. एक, काय झालंय. दोन, ते तुझ्यामुळे नाही. "ऑफिसात वाजलंय माझं. तुझ्यामुळे नाही." संपलं. लोक पहिलं वाक्य बोलतात, दुसरं गिळतात. "आज माझं डोकं फिरलंय" एवढंच सांगितलंत, तर ती घोषणा झाली. ऐकणाऱ्याला काय कळलं? की आता जपून वागा.

एका दादांनी लिहिलंय, "पुरुषानं घरी येऊन रडगाणं गायचं का? त्यापेक्षा तोंड बंद ठेवावं, कुणाला कळत नाही." दादा, कळतं. एमिली बटलर, जेम्स ग्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2003 सालचा एक प्रयोग आहे. एकमेकींना न ओळखणाऱ्या बायकांच्या जोड्या केल्या, मन अस्वस्थ करणाऱ्या विषयावर त्यांना बोलायला बसवलं. काही जोड्यांत एकीला गुपचूप सांगितलं, की भावना अजिबात दिसू द्यायच्या नाहीत. रक्तदाब वाढला कुणाचा? समोरचीचा! तिला काही माहीतच नव्हतं. समोर बसलेली बाई मिठाची गुळणी धरल्यासारखी बोलतेय, एवढंच तिच्या वाट्याला आलं होतं. तेव्हा 'मी दाखवत नाही' यानं काही वाचत नाही, फक्त समोरच्याला अंदाज बांधत बसावं लागतं. आणि रडगाणं नकोच आहे, दादा. दोन वाक्यं म्हणजे रडगाणं नव्हे.

अगदी तान्ह्या बाळाचं घ्या. एडवर्ड ट्रॉनिक यांनी 1970च्या दशकात एक प्रयोग केला. आई बाळाशी छान खेळते, मग थोडा वेळ चेहरा दगडासारखा करते. रागावत नाही, ओरडत नाही, फक्त प्रतिसाद थांबवते. बाळ आधी हसून बघतं, हातवारे करतं, तिला परत आणायचा प्रयत्न करतं, आणि जमत नाही म्हटल्यावर तोंड फिरवतं. काही महिन्यांचं बाळ! याचे व्हिडिओ इंटरनेटवर आहेत, पण घरात लहान मूल असेल तर रात्री बघू नका, झोप लागत नाही.

आता हीच गोष्ट मोठ्यांत, आणि जरा हसू येईल अशी. सातारा ते वाई, सकाळची एसटी. कंडक्टर चढले तेच कपाळावर आठ्या घेऊन. दोन तिकिटं फाडली आणि मोठ्यानं म्हणाले, "मंडळी, रात्रभर दाढ ठणकतीय माझी. तुमच्यावर राग न्हाई, पन आज सुट्टं काढून ठेवा." अख्खी गाडी हसली. एका आजींनी पिशवीतून लवंग काढून दिली. नेहमी सुट्ट्यांवरून जी वादावादी होते, ती त्या दिवशी वाईपर्यंत ऐकू आली नाही. दाढ काही थांबली नसणार. पण माझी पाचशेची नोट बघून त्यांनी जे तोंड केलं, ते मला लागलं नाही, कारण ते दाढेचं होतं हे मला माहीत होतं. दोन वाक्यं, बघा. दाढ ठणकतीय. तुमच्यावर राग नाही. या माणसाला माझ्या चॅनलवर बोलवायला हवं.

एक गोम आहे. राग खरंच त्याच माणसावर असेल तर? मग "तुझ्यामुळे नाही" हे खोटं बोलू नका, पुढच्या वेळी खरं सांगितलंत तरी विश्वास बसणार नाही. "तुझ्याशीच बोलायचंय, पण जेवण झाल्यावर" असं म्हणा. आणि जेवण झाल्यावर बोला! मोबाइल घेऊन आडवं व्हायचं नाही.

आता त्या रील. 'निगेटिव्ह लोकांना आयुष्यातून काढून टाका.' कुणाला काढताय? गुडघे दुखतात म्हणून कुरकुरणाऱ्या आईला? परीक्षेच्या टेन्शनमध्ये दार आपटणाऱ्या पोराला? जो माणूस रोज पाणउतारा करतो, हात उगारतो, त्याच्यापासून लांब राहाच, त्याबद्दल वाद नाही. पण चार दिवस तोंड पाडून बसलेल्या नवऱ्याला 'टॉक्सिक' म्हणून मोकळं व्हायचं, ही कुठली एनर्जी?

याच रीलवाल्यांचा दुसरा लाडका दावा म्हणजे 'शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय, आनंद पसरतो.' थोडं थांबा. फाउलर आणि क्रिस्ताकिस यांचा 2008चा अभ्यास आहे, अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमचा, 4,739 माणसं, 1983 ते 2003. मैलभराच्या आत राहणारा मित्र आनंदी झाला तर आपण आनंदी होण्याची शक्यता 25 टक्क्यांनी वाढते, असं त्यात आलं. पण त्यावर आक्षेपही आले, की आनंदी माणसं मुळात आनंदी माणसांशीच मैत्री करत असतील तर? हे रीलमध्ये कुणी सांगत नाही. आणि फेसबुकचा तो प्रयोग, जानेवारी 2012, लोकांना स्पष्ट विचारल्याशिवाय 6,89,003 जणांच्या फीडमध्ये आठवडाभर ढवळाढवळ केली, काहींना आनंदी पोस्ट कमी दाखवल्या, काहींना दुःखी. 2014 साली ते छापून आल्यावर केवढा गदारोळ झाला! परिणाम मात्र अगदी बारीक निघाला. त्यामुळे, "ताई, फॅमिली ग्रुपवर रोज गुलाबाची फुलं पाठवली तर घरात फरक पडेल का?" असं विचारणाऱ्या काकूंना उत्तर : काकू, फोनची मेमरी भरेल.

समोरासमोर बसल्यावर गोष्ट वेगळी. सिगाल बारसेड यांनी 2002 साली छापलेल्या प्रयोगात गटांमध्ये एक नट पेरला होता, ठरवून दिलेला मूड घेऊन बसणारा. त्याचा मूड गटात उतरला, आणि जिथे तो चांगल्या मूडमध्ये होता तिथे सहकार्य वाढलं, खटके कमी उडाले. म्हणजे चांगलंही पसरतं, हे कबूल. पण म्हणून उसनं हसू आणू नका. आमच्या घरात माझं उसनं हसू सगळ्यात आधी मुलगी ओळखते. आता पंधराची आहे. दारातच विचारते, "कुणामुळे?"

बरं, आजच्या व्हिडिओत माझा आवाज मध्येमध्ये तुटक वाटला असेल, भुवया वर गेलेल्या दिसल्या असतील. सकाळी साडेआठपासून फरशा फोडतायत वर. तुमच्यामुळे नाही.