दुपारी एकचं आकाशदर्शन

नमस्कार मंडळी. छोट्या मंडळांच्या कार्यवाहांसमोर बोलायचं म्हणजे समदुःखी लोकांत बसायचं. आमचं मंडळ आकाशदर्शनाचं. अमावास्येजवळचा शनिवार, पानशेतच्या बाजूचं माळरान, दोन दुर्बिणी आणि डब्यांतला चिवडा. पूर्वी याला 50 पैशांचं पोस्टकार्ड पुरायचं. मग व्हॉट्सअ‍ॅप आलं आणि ‘मी येतोय, गाडीत दोन जागा आहेत’ हा निरोप सुप्रभातच्या फुलांखाली गाडला जायला लागला. म्हणून एका वेबसाइटवर गेलो. तिनं पैसे वाढवले, तेव्हा तिथूनही निघालो.

हे जगभर चाललंय. मीटअप, म्हणजे मंडळांच्या भेटी ठरवायची वेबसाइट, 2002 मध्ये न्यूयॉर्कला सुरू झालं. 2005 पासून ते आयोजकांकडून पैसे घेतं. 2017 मध्ये ते वीवर्क कंपनीनं घेतलं, 2020 मध्ये विकलं, 2024 मध्ये इटलीच्या बेंडिंग स्पून्स कंपनीकडे गेलं. वाडा विकताना भाडेकरूला कोण विचारतो? फ्रान्सच्या फ्रामासॉफ्ट या संस्थेनं 2020 मध्ये अशाच कामासाठी मोबिलिझॉन काढलं. मुक्त सॉफ्टवेअर आहे, आपल्या सर्व्हरवर चालवता येतं. पण सर्व्हर सांभाळायला माणूस लागतो, आणि आमच्यातला तसा एकुलता एक मुलगा नोकरीला बंगळूरला गेला. मग आम्ही दुसरा तयार वाडाच शोधला.

जुन्या वेबसाइटवरून तारखा निघाल्या, आयसीएस फाइलमधून, म्हणजे कॅलेंडरच्या नोंदींची फाइल. माणसं निघेनात. जुन्या जागी सभासदांची टोपणनावं दिसायची, ई-मेल नाही. तेव्हा शेवटच्या तीन भेटींत वही फिरवली. अंधाराला सरावलेले डोळे बिघडू नयेत म्हणून आम्ही टॉर्चला लाल जिलेटिन लावतो. एका ताईंनी त्या उजेडात लाल पेननं लिहिलं. कागदावर काही उमटेना, म्हणून त्याच ओळीवर तीनदा गिरवलं. घरी आल्यावर त्या गिचमिडीतून फोन नंबर ओळखायला मला अर्धा तास लागला. तरी सांगतो, आमचा खरा ऐवज ती वही. वेबसाइट पुन्हा बदलेल, वही कपाटात राहील.

नव्या ठिकाणी पुढची अडचण. ‘दर महिन्याचा दुसरा शनिवार’ त्याला कळतो, अमावास्येचा कळत नाही. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा, त्याला कुठला वार बांधणार? पावसाळ्यात नाहीतरी आकाश बंद असतं. पंचांग घेऊन बसलो आणि वर्षाच्या तारखा हातानं भरल्या. आश्विनातली गाळली; लक्ष्मीपूजन सोडून माळावर कोण येतंय?

एवढं करून फसलो ते वेळेत. पहिली भेट कार्तिकातली, तिची नोंद जुन्या फाइलमधूनच आली होती. फाइलमध्ये वेळ ग्रिनिचची होती. आपण साडेपाच तास पुढे. नव्या जागेनं ते साडेपाच तास मिळवलेच नाहीत, त्यामुळे संध्याकाळचे साडेसहा तिथे दुपारचे एक झाले. जुने सभासद हसले, त्यांना वेळ पाठ. नव्यानं आलेले एक निवृत्त काका मात्र बरोब्बर एक वाजता माळावर हजर.

मी साडेपाचला पोचलो. काका झाडाखाली डबा संपवून बसले होते. दुर्बिणीच्या तिकाटण्यासाठी सपाट जागा बघून, तिथले दगड वेचून त्यांनी बाजूला रचले होते. मला फोन दाखवून म्हणाले, “सूर्य बघायचाय का आज?”

तेव्हापासून मी निमंत्रणात आकडा घालत नाही. ‘संध्याकाळी साडेसहा’ असं अक्षरांत लिहितो.