बर्फावरची सायकल: घरी बनवलेला स्क्रूंचा टायर

डांबराच्या खरखरीत पृष्ठभागात रबर किंचित रुतते, आणि म्हणूनच साध्या रस्त्यावर टायर घसरत नाही. गोठलेल्या बर्फाला ती खरखर नसते. उलट त्याच्या वरच्या बाजूला पाण्यासारखा एक अतिशय पातळ थर असतो आणि तापमान शून्य अंशाच्या जितके जवळ, तितका तो अधिक निसरडा होतो. त्यामुळे कडाक्याच्या थंडीतल्या कोरड्या बर्फापेक्षा दिवसा वितळू लागलेला ओलसर बर्फच सायकलस्वाराला अधिक वेळा आडवा करतो. अशा जागी रबराची नक्षी कितीही खोल असली तरी तिचा उपयोग थोडाच. तिथे बर्फात रुतणारे धातूचे टोक हवे.

अशी टोके स्क्रू बसवून घरीच तयार करता येतात; इथे घेतलेला टायर माउंटन बाइकचा आहे. त्याच्यावरचे रबराचे उंचवटे जाड आणि एकमेकांपासून सुटे असल्यामुळे प्रत्येकात एकेक स्क्रू उभा राहू शकतो. स्क्रू पत्र्याला लावतात तसे, चपट्या डोक्याचे आणि आखूड आहेत. ड्रिलने उंचवट्याच्या बरोबर मध्यातून आरपार बारीक छिद्र पाडले जाते, तेही बाहेरून, कारण आतल्या बाजूने पाहता उंचवटा नेमका कुठे आहे हे कळत नाही. स्क्रू मात्र आतून बाहेर बसवायचा असतो. छिद्र स्क्रूपेक्षा बारीक असल्याने रबर त्याला आवळून धरते, आणि टोक दोन-तीन मिलिमीटरच बाहेर येते. त्याहून लांब टोक वळणावर वाकते आणि रबर फाडते.

उत्साहाच्या भरात प्रत्येक उंचवट्यात स्क्रू ठोकण्याचा मोह होतो, पण तो आवरलेला बरा. एकेक स्क्रू साधारण ग्रॅमभर वजनाचा धरला, तरी दोनशे स्क्रूंचे ओझे चाकाच्या अगदी कडेला फिरत राहते आणि पायांना ते जाणवते. मधला पट्टा मोकळा ठेवून दोन्ही बाजूंना ओळी घेतल्या, तर हवा भरपूर असताना मोकळ्या रस्त्यावर मुख्यतः रबरच टेकते, आणि हवा कमी केली की टायर पसरून स्क्रू बर्फाला लागतात. वळताना सायकल कलते, तेव्हाही आधार याच ओळींचा असतो.

आता टायर उलटा करून आत पाहू. स्क्रूंच्या डोक्यांची ही रांग थेट ट्यूबला भिडली, तर काही अंतरातच पंक्चर ठरलेले. म्हणून जुनी ट्यूब वॉल्व्हपाशी कापून, लांबीने उभी चिरून, तिचा सलग पट्टा डोक्यांवर अंथरला जातो आणि त्यावर नवी ट्यूब बसते. नुसती चिकटपट्टी लावणारेही आहेत. परंतु ती घर्षणाने सरकते आणि तिच्या कडा ट्यूबला कापतात, तेव्हा रबराचा पट्टाच अधिक भरवशाचा. सगळ्या कामात कंटाळवाणा भाग हाच आहे, आणि टायर किती टिकणार हेही इथेच ठरते.

एकच टायर करायचा असेल, तर तो पुढच्या चाकाचा करावा. मागचे चाक घसरले तर बहुधा तोल सावरता येतो; पुढचे घसरले की हँडल हातून जाते आणि माणूस खाली पडतो. चाक बसवल्यावर ते हाताने सावकाश फिरवून टोके चिमट्याला (चाक दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या दांड्यांना), मडगार्डला किंवा ब्रेकला कुठेही घासत नाहीत ना, हे पाहावे लागते. हातमोजे अर्थातच हवेत.

विकत मिळणाऱ्या बर्फाच्या टायरमध्ये टंगस्टन कार्बाइडची टोके असतात. साध्या पोलादाचे स्क्रू त्यापुढे मऊ ठरतात आणि उघड्या डांबरावर लवकर बोथट होतात. म्हणून हा टायर गोठलेल्या तळ्यांसाठी आणि बर्फाने पूर्ण झाकलेल्या वाटांसाठी चांगला. ताज्या, भुसभुशीत बर्फात स्क्रूंना रुतायला काही घट्ट मिळत नाही, तिथे रुंद टायर आणि कमी हवा हेच कामी येते. टोके झिजली की टायर उतरवून, आतला पट्टा काढून तेवढेच स्क्रू बदलले जातात.