पावतीची मागची बाजू

(दादरच्या एका वाचनालयात परदेशी निघालेल्या मुलांच्या पालकांसमोर दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय, 'कॉलेजच्या फीचा विमा घ्यावा का?' कार्यवाहांनी 40 मिनिटं दिलीत. हॉल भरलाय याचं श्रेय मी घेत नाही; बाहेर पाऊस आहे आणि मागे वडे तळले जातायत.

हात वर करा बघू, कोणाकोणाची मुलं ऑगस्टमध्ये अमेरिकेला निघाली? बरेच आहात. आता कॉलेजचा रिफंडचा नियम वाचलाय त्यांनीच हात वर ठेवा. ...हं. संकोच नको. मी 31 वर्षं फोर्टात एका विमा कंपनीच्या क्लेम विभागात काढली. लोकांचे दावे ज्या बारीक अक्षरांवर बोट ठेवून परत पाठवायचे, ती अक्षरं स्वतःच्या वेळी मीही वाचली नव्हती.

मुलाला अकरावीत एका कोचिंग क्लासला घातलं. नाव सांगत नाही. इथे त्यांचे माजी विद्यार्थी बसलेले असतील आणि ते आता वकील झाले असतील. दोन वर्षांची फी एकदम भरली, कारण एकदम भरली की सूट. शिवाय एक सॅक आणि रेनकोट भेट. जूनमध्ये क्लास सुरू झाला, जुलैत चिरंजीवांना कावीळ. दीड महिना अंथरुणात, उसाचा रस आणि मुगाची खिचडी. डॉक्टर म्हणाले, या वर्षी दगदग नको. मी मेडिकल सर्टिफिकेट घेऊन गेले. काउंटरवरच्या मुलीनं पावती उलटी केली आणि माझ्यापुढे सरकवली. मागे, चष्मा लावूनही दिसेल न दिसेल अशा अक्षरांत: 'एकदा भरलेली फी कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही.' मी म्हटलं, अहो, आजारपण आहे! ती म्हणाली, "मॅडम, कोणत्याही म्हणजे कोणत्याही." इतका स्वच्छ अर्थ आमच्या कंपनीत कुणी लावला असता तर बढती मिळाली असती.

मग मॅनेजर आले. म्हणाले, त्याच्या जागी धाकट्याला बसवा. धाकटी तेव्हा सातवीत. म्हणाले, चालेल, फाउंडेशन बॅच आहे. घरी आल्यावर सासूबाई एवढंच म्हणाल्या, "तू ऑफिसात हेच करतेस ना?" ती सॅक मी अजून भाजीला वापरते. दर मेथीच्या जुडीमागे मला किती पडले याचा हिशेब एकदा केला होता, पण तो जाऊ दे.

कॉलेजांचं तसं नाही बरं का. आपल्याकडे यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, 2018ची अधिसूचना आहे. प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या निदान 15 दिवस आधी नाव काढलंत तर, थोडा प्रक्रिया खर्च वगळून, पूर्ण फी परत. त्यानंतर, पण तारखेच्या आत, 90 टक्के. तारीख उलटून 15 दिवसांपर्यंत 80, तीस दिवसांपर्यंत 50, पुढे शून्य. मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवायलाही मनाई आहे. हे त्या क्लासला लागू असतं तर...

चिठ्ठी आली. सात मिनिटं राहिलीत. बरं, मग अमेरिका, भरभर.

तिथे फीचा विमा जुना आहे. ड्यूअर नावाच्या कंपनीची योजना 1930 पासूनची. मूळ कल्पना साधी. सत्राच्या पहिल्या काही आठवड्यांत कॉलेज फीचा कमी-कमी होत जाणारा भाग परत देतं, मग देणं बंद. त्यानंतर मुलगा आजारी पडून सत्र सोडून आला, तर कॉलेज जे देत नाही ते विमा देतो. म्हणजे आधी कॉलेजचा रिफंडचा तक्ता, मग विम्याचा हप्ता. आपण उलट करतो.

आणि भीतीही आपण चुकीची धरतो. मुलगा नापास होईल, करमणार नाही, कोर्स आवडणार नाही: यातलं काहीही सहसा विम्यात बसत नाही. बसतं ते डॉक्टरांनी लिहून दिलेलं गंभीर आजारपण, अपघात, मृत्यू. एखादाच विषय सोडला तर पैसे नाहीत. बहुतेक वेळा सगळं सत्र सोडावं लागतं. मानसिक आजाराचं कलम दोनदा वाचा. काही पॉलिसी तो इतर आजारांसारखाच धरतात, काही रुग्णालयात दाखल झाल्याशिवाय ऐकत नाहीत. घरापासून इतक्या लांब एकटं राहणाऱ्या पोराच्या बाबतीत मला कावीळीपेक्षा याचीच काळजी जास्त वाटते. आधीपासूनचा दमा वगैरे असेल तर तेही कलम बघा. साथीचे रोगही कित्येकदा वगळलेले असतात.

इथून घेतलेल्या विद्यार्थी प्रवास विम्यात शिक्षण खंडित झाल्याचं आणि पैसे भरणाऱ्या पालकाचं काही बरंवाईट झालं तर असं, दोन्ही संरक्षण अनेकदा आधीच असतं. तेच दोनदा विकत घेऊ नका. मात्र तिथे अट बहुधा दीर्घकाळ रुग्णालयात राहण्याची असते.

हिशेब. समजा एका सत्राची फी 20,000 डॉलर, हप्ता एक टक्का, म्हणजे 200 डॉलर. डॉलर 85 रुपये धरला तर 17,000 रुपये देऊन 17 लाख झाकले. ते 17 लाख गेले तर तुम्ही हळहळाल की कांदिवलीचा फ्लॅट विकाल? नुसते हळहळणार असाल तर घेऊ नका. सरासरीत विमा कंपनीच जिंकते, हे मी तिथलीच पेन्शन खाऊन सांगते. घर तारण ठेवून कर्ज काढलंय? मग घ्या. आणि वर्ग सुरू व्हायच्या आधी घ्या, नंतर सहसा देत नाहीत.

काय म्हणालात काका? आमच्या घरी घेतला का? भाचीसाठी पहिल्या वर्षी घेतला, भावाचं घर बँकेकडे तारण होतं. दुसऱ्या वर्षी तिला असिस्टंटशिप मिळाली, म्हणजे कॉलेजातच काम, आणि त्या बदल्यात फीच माफ झाली. विमा कशाचा उतरवणार?