सायकलवर बसून आखलेलं आक्रमण

हा समोर उभा आहे तो मंगळावरून आलेल्यांचा ट्रायपॉड, म्हणजे त्यांचं चालतं युद्धयंत्र. तीन पाय, उंची सात मीटर, अंगभर चकचकीत स्टील. गाव वोकिंग, इंग्लंडमधलं. एच. जी. वेल्सच्या 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' या कादंबरीत ज्या गावाची राखरांगोळी होते तेच हे गाव, आणि पुस्तकाला शंभर वर्षं झाली तेव्हा, १९९८ मध्ये, गावानेच हा भर वस्तीत उभा केला.

आणि हे हॉर्सेल कॉमन, गावाजवळचा मोकळा माळ. झाडांच्या मधोमध हा वाळूचा खड्डा दिसतोय ना, कादंबरीत मंगळवाल्यांना घेऊन आलेला पहिला सिलिंडर त्या भागात येऊन पडतो आणि त्याचं झाकण आतून हळूहळू फिरायला लागतं. ज्याला आधी दिसतं त्याला वाटतं आत कुणीतरी माणूस भाजतोय, त्याला बाहेर काढायला हवं. मग गर्दी जमते, काहीजण पांढरं निशाण घेऊन पुढे जातात आणि मंगळवाल्यांच्या उष्ण किरणाच्या एका झोतात जळून खाक.

एच. जी. वेल्स १८९५ मध्ये इथे राहायला आला. मेबरी रोड, समोर रेल्वेलाइन, हे घर. त्या दिवसांत तो सायकल शिकला आणि मग काय, रस्ते, कालवा, माळ, सगळीकडे भटकत कुठली जागा उडवायची, कुठल्या माणसाला मारायचं हे हेरत फिरायचा, त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. म्हणूनच आजही नकाशा हातात घेऊन ही कादंबरी चालत वाचता येते.

कल्पना मात्र भावाची, फ्रँकची. दोघं इंग्लंडमधल्या सरे परगण्यात फिरत होते, विषय निघाला ऑस्ट्रेलियाजवळच्या टास्मानिया बेटाचा, तिथल्या मूळ रहिवाशांचं युरोपियनांनी काय केलं त्याचा, आणि फ्रँक म्हणाला, असंच कुणी आभाळातून आपल्यावर येऊन पडलं तर? पुस्तक त्यालाच अर्पण आहे. आणि पहिल्याच प्रकरणात वेल्स वाचकाला तोंडावर विचारतो की टास्मानियात आपण जे केलं तेच मंगळवाल्यांनी केलं तर तक्रार कुठल्या तोंडाने करणार? साम्राज्य ऐन भरात असताना, १८९७ मध्ये, मासिकातून हे घरोघरी गेलं! टास्मानियाचे लोक पूर्ण संपले असं त्याने लिहिलं तेवढं चूक, त्यांचे वंशज आजही तिथे आहेत.

लोकांना किरण आणि यंत्रं लक्षात राहतात, पण माझ्या मते खरी कादंबरी लंडनमधल्या पटनी हिल या टेकडीवर आहे. तिथे भेटलेला सैनिक सांगतो की हे युद्ध नव्हतंच, माणूस आणि मुंग्यांचं कधी युद्ध असतं का? आता ते आपल्याला पिंजऱ्यात ठेवतील, खाऊ घालतील, आपली पैदास करतील, आणि बरेच जण त्यात खूश राहतील, काहींना तर ते आपल्याच माणसांची शिकार करायला शिकवतील. गुलामी अंगवळणी कशी पडते ते इतक्या थोड्या पानांत क्वचितच कुणी सांगितलं असेल. हा सैनिक स्वतः गटारांमध्ये लपून नवी फौज उभारणार असतो, त्यासाठी आठवडाभर भुयार खणतो, आणि ते भरतं जेमतेम दहा यार्ड.

पुढे मंगळवाले जंतूंनी मरतात. शेवट उरकला असं बरेच जण म्हणतात, मला नाही पटत. वेल्स हा टी. एच. हक्सलींकडे जीवशास्त्र शिकलेला माणूस, आणि पाण्याच्या थेंबात वळवळणारे, मायक्रोस्कोपखालचे जीव त्याने कादंबरीच्या पहिल्याच वाक्यात आणून ठेवलेत.